घराच्या नकाशाआधी माती: नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात सेप्टिकच्या परवानगीसाठी घेतलेली सेवा

डोंगरात जागा घेऊन लहानसं घर बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आर्किटेक्टला फोन लावायच्या आधी आणि बँकेत कर्जाची चौकशी करायच्याही आधी परवानाधारक सॉइल सायंटिस्टला, म्हणजे सांडपाणी जिरवायला माती योग्य आहे का हे तपासणाऱ्या तज्ज्ञाला, जागेवर न्यावं. आम्ही त्यांच्या तपासणीचे ९०० डॉलर दिले. पुढे जमीन, रस्ता, बोअर आणि पाया यांवर जो पैसा गेला त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. तरीही सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा कोणता असं विचारलंत तर मी हाच सांगेन.

आम्ही शार्लटला राहतो. नवऱ्याच्या निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने डोंगरात काढायचे असं ठरलं आणि ॲशव्हिलच्या पलीकडे, टेनेसीच्या हद्दीकडच्या एका काउंटीत जागा बघायला लागलो. काउंटीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या कार्यालयाबद्दल एक तक्रारही येणार आहे. सॉइल सायंटिस्टचं नावही देत नाही. ते एकटेच काम करतात, आधीच हातात भरपूर कामं आहेत, आणि राज्याच्या परवाना मंडळाच्या यादीत त्या भागात काम करणारे इतरही सापडतात.

शार्लटमध्ये घर घेताना सांडपाण्याचा विचार कोणी करत नाही, कारण रस्त्याखालून ड्रेनेजची लाइन गेलेली असते. डोंगरात घरं विखुरलेली आणि खडक वर आलेला, त्यामुळे लाइन नाही. प्रत्येक घराने आपलं सांडपाणी आपल्याच जमिनीत जिरवायचं. हेच सेप्टिक. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं गढूळ पाणी बाहेर पडून चरांमधल्या पाइपांत जातं. तिथून ते मातीत उतरतं. त्यातले रोगजंतू अडवायचं, मारायचं, पाणी स्वच्छ करायचं खरं काम ती माती करते. टाकी कारखान्यात तयार मिळते, ट्रकवरून येते आणि तासाभरात बसते. माती मात्र जागेवर असेल तीच.

आपल्या मंडळींत डोंगरातल्या जागेचा विषय निघाला की दिसतं काय, रस्ता किती चढाचा, इंटरनेट आहे का, एवढं सगळं विचारलं जातं. संडासाचं पाणी कुठे जाणार हे विचारणारं कोणी भेटत नाही. या राज्यात मात्र सगळं तिथूनच सुरू होतं. जागा योग्य आहे असं सांगणारं इम्प्रूव्हमेंट परमिट पहिलं. मग यंत्रणा बसवायची कन्स्ट्रक्शन ऑथरायझेशन. ती हातात आल्याशिवाय घराच्या बांधकामाची परवानगी मिळत नाही. चर खणून, पाइप टाकून, माती लोटायच्या आधी तपासणी होते आणि त्यानंतर ऑपरेशन परमिट. ते मिळेपर्यंत घराला कायमची वीजसुद्धा जोडत नाहीत. सध्याचे नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेत. त्याआधीचे १९८२ पासूनचे होते आणि डोंगरातले पुष्कळ ठेकेदार, दलाल अजून त्याच आठवणीवर बोलतात. ऐकून घ्यावं, पण भरवसा ठेवू नये.

जागेच्या जाहिरातीत आणि दलालांच्या तोंडी अजून ‘पर्क टेस्ट’ असते. खड्ड्यात पाणी ओतायचं आणि ते किती मिनिटांत उतरतं ते मोजायचं, ही ती रीत. नॉर्थ कॅरोलायनात परवानगी त्यावर मिळत नाही. तेच पाणी ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत भराभर उतरेल आणि फेब्रुवारीत तासन् तास उभं राहील. म्हणून इथे मातीच तपासतात: तिचा पोत, घडण, रंग, खोली, चिकणमाती कुठल्या जातीची, उतार केवढा, पाणी वाहून जायला वाट आहे की नाही. मी मूळची लांज्याची. आमच्याकडे जांभ्यात शोषखड्डा घेतला की पाणी बघता बघता जिरतं आणि जमीन चांगली निघाली असं म्हणतात. पण जांभ्यातून इतक्या झपाट्याने गेलेलं पाणी मातीत रेंगाळत नाही. रेंगाळलं नाही की स्वच्छ होत नाही, आणि खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असते. पाणी जिरायला हवं आणि सावकाशही जायला हवं. दोन्ही जमवणारी माती डोंगरात शोधावी लागते.

पहिली जागा कड्यावरची होती. दोन एकरांच्या आसपास, पश्चिमेला एकामागे एक निळे डोंगर, आणि जाहिरातीत ‘सेप्टिकसाठी योग्य’ असं लिहिलेलं. या राज्यात जमिनीचा करार करताना ड्यू डिलिजन्सची मुदत असते. विकणाऱ्याला एक फी द्यायची, आणि त्या मुदतीत कुठल्याही कारणाने अंग काढून घेता येतं. ती फी मात्र परत मिळत नाही. मातीची तपासणी बसवायची ती याच मुदतीत. मुदत संपल्यावर कळून काही उपयोग नाही.

सॉइल सायंटिस्ट सकाळी आले. वय सत्तरीकडे झुकलेलं, बोलणं कमी. सामानही बेताचं: टी आकाराच्या दांड्याचं हातगिरमिट, पाण्याची बाटली, उतार मोजायचं छोटं यंत्र, गुलाबी फितीचं रीळ आणि मनसेलची रंगपुस्तिका, ज्यात मातीच्या रंगांचे चौकोन असतात. सोबत नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिसच्या मृदा नकाशाची छापील प्रत. हा नकाशा वेब सॉइल सर्व्हे नावाने कोणालाही फुकट बघता येतो, तुम्हीही बघा. आमच्या कड्यावर त्यात ‘एव्हार्ड-काउई’ असा जोड शिक्का होता. एव्हार्ड माती खोल असते, काउईमध्ये २० ते ४० इंचांवर मऊ खडक लागतो. दोन्ही इतक्या मिसळलेल्या असतात की नकाशावर वेगळ्या काढता येत नाहीत. तुमच्या पायाखाली दोन्हींपैकी कुठली आहे हे गिरमिटच सांगणार.

त्यांची पद्धत मला फार आवडली. गिरमिट सहा-सहा इंच खाली घालायचं आणि निघालेला प्रत्येक गोळा गवतावर ओळीने मांडायचा. पाच-सहा गोळे झाले की जमिनीचं पोट आडवं होऊन समोर येतं. वर काळपट भुसभुशीत, मग पिवळसर, मग तांबडं. प्रत्येक गोळ्यातला चिमूटभर तुकडा तळहातावर ओला करून मळायचा आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे ढकलत त्याची पट्टी काढायची. पट्टी लगेच तुटली तर रेती जास्त, इंच-दोन इंच लांब झाली तर चिकणपोयटा, त्याहून लांब गेली तर चिकणमाती. माझ्याही हातात गोळा दिला आणि पट्टी काढायला लावली. “तुमची जमीन आहे, तुम्हाला कळायला हवी,” एवढंच म्हणाले. या डोंगरांतल्या मातीत अभ्रक खूप, त्यामुळे ओली झाली की ती बोटांना बुळबुळीत लागते आणि पोताचा अंदाज चुकू शकतो, हेही तेव्हाच सांगितलं.

कड्यावर ठिकठिकाणी भोकं पाडली. बहुतेक ठिकाणी दोन फुटांच्या आतबाहेर गिरमिट खरखरत थांबलं. दगडाचा चुरा वर आला, त्यात मूळ खडकाचे थर जसेच्या तसे दिसत होते. आपण ज्याला मुरूम म्हणतो तसला. तो कुदळीने फुटतो, पण त्यातून पाणी खडकाच्या जुन्या भेगांच्या वाटेने पळतं, म्हणून त्याला सरसकट माती मानत नाहीत. वेगळा खड्डा घेऊन तपासलं आणि तो नियमात बसला तरच चालतो. तिथे तो बसण्यासारखा नव्हता.

मग त्यांनी उताराचं गणित वहीत काढून दाखवलं. कागदावर असं काही समजावून सांगणारा माणूस मला इतक्या वर्षांत क्वचित भेटलाय. चर तीन फूट रुंद. चराचा तळ सपाट असावा लागतो, नाहीतर सगळं पाणी एका कडेला जातं. जमीन मात्र तिरकी. ५० टक्के उतारावर तीन फुटांच्या रुंदीत जमीन दीड फूट खाली जाते. म्हणजे खालच्या कडेला चर फूटभर खोल धरला तरी वरच्या कडेला तो अडीच फूट होतो. त्या तळाखाली आणखी निदान फूटभर चांगली माती हवी. एकूण साडेतीन फूट. आणि खडक दोन फुटांवर. “इथे नाही,” ते म्हणाले आणि गिरमिट पुसायला घेतलं. कुठे पंप लावून, कुठे महागडं यंत्र बसवून काही जमेल का असं नवऱ्याने विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की पाणी आधी यंत्रात शुद्ध करून मग ठिबकच्या नळ्यांनी उथळ सोडायची सोय असते. पण त्याला देखभालीचा कायमचा करार लागतो, परवानाधारक माणूस ठरावीक मुदतीने येऊन तपासतो, आणि या कड्यावर त्यालाही जागा पुरेल याची ते हमी देणार नाहीत. आम्ही करार सोडला. फी गेली. त्या देखण्या कड्यावर घर मात्र अडकलं नाही.

दुसरी जागा खाली, दोन सोंडांच्या मधल्या खोऱ्यात निघाली. दीड एकर. पूर्वी तिथे बर्ली तंबाखू लावत, जुनं वाळवणीचं कोठार अजून शेजारच्या जमिनीत उभं आहे. तंबाखूवाल्यांनी मधला सपाटीचा टप्पा निवडला होता यातच बरंच आलं. गिरमिट चार फूट अडखळल्याशिवाय गेलं. वर पोयटा, खाली एकसारखा तांबूस चिकणपोयटा, चुरला की बारीक ढेकळं सुटी होणारा. ते पहिल्यांदाच हसले. “ही काम करील.”

पण कामाची गोष्ट पुढे आहे. त्या टप्प्यावर, मधोमध, आम्ही मनात घर बांधलं होतं. नवऱ्याने ओसरी कुठे येईल तेसुद्धा पावलांनी मोजलं होतं. त्यांनी गुलाबी फिती बांधल्या त्या नेमक्या तिथेच. सगळ्यात चांगली माती चरांना द्यायची आणि घर खालच्या अंगाला, थोड्या उताराच्या जागी न्यायचं. घराचा पाया उतारात बांधता येतो, चर हव्या त्या मातीत टाकता येत नाहीत. नवरा दिवसभर गप्प होता. घर खाली आणि चर वर, म्हणजे टाकीतलं पाणी पंपाने वर चढवावं लागणार, हाही खर्च वाढला. तरी आज घराच्या जागेबद्दल आमच्या दोघांचं एकमत आहे.

बेडरूमचा प्रश्न इथे बऱ्याच जणांना अडतो म्हणून सविस्तर लिहिते. शार्लटच्या एका मैत्रिणीने विचारलं, “अगं, दीड एकर आहे ना? मग चौथी बेडरूम काढायला काय हरकत?” हरकत एकरांची नाही. इथे यंत्रणेचा आकार बेडरूमवर ठरतो, दर बेडरूमला दिवसाला १२० गॅलन धरून. घरात दोनच माणसं राहणार असली तरी हिशोब तोच. तीन बेडरूमचे ३६० गॅलन. आमची माती दर चौरस फुटाला रोज ०.३ गॅलन कायम पिऊ शकेल असं ठरलं. म्हणजे १,२०० चौरस फूट चराचा तळ, आणि चर तीन फूट रुंद म्हणून ४०० फूट लांबी. खडी-पाइपऐवजी प्लास्टिकच्या कमानींचे चर वापरले तर नियमाप्रमाणे लांबीत चौथा हिस्सा सूट मिळते, तेव्हा ३०० फूट. समपातळीच्या रेषेने टप्प्यावर साधारण ७५ फुटांचा चर बसतो, म्हणजे चार चर. आणि तेवढीच दुसरी जागा राखीव, पहिली कधी निकामी झाली तर वापरायला. तिच्यावर शेड बांधायची नाही, गाडी उभी करायची नाही. आठ चर, एकमेकांपासून नऊ फुटांवर, मिळून उताराच्या दिशेने ६६ फूट जागा. आमचा टप्पा कामाच्या मातीचा जेमतेम ८० फूट. चार बेडरूमला राखीव धरून बारा चर होतात आणि जागा शंभर फुटांच्या वर जाते. विषय संपला. सासूबाई येतील तेव्हा माळ्यावरच्या अभ्यासिकेत आम्ही झोपू.

तयार घर घेणाऱ्यांनीही हा हिशोब लक्षात ठेवावा. जाहिरातीत चार बेडरूम आणि सेप्टिकचं परमिट तीनचं, असं डोंगरात बऱ्याचदा दिसतं, विशेषतः सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांत. परमिटपेक्षा जास्त बेडरूम जाहिरातीत दाखवणं ही या राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनच्या नजरेत दिशाभूल आहे. काउंटीच्या आरोग्य खात्याकडे जुन्या परमिटची प्रत मागता येते. मागाच.

आता काउंटीबद्दल. आमच्यासमोर दोन रस्ते होते. एक, काउंटीच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याने स्वतः माती तपासून परमिट द्यायचं. दुसरा खासगी, ज्यात सॉइल सायंटिस्ट किंवा इंजिनिअरच्या अहवालावरच काम पुढे जातं आणि जबाबदारीही त्यांच्यावर राहते. दुसरा लवकर होतो. आम्ही पहिला घेतला, कारण ज्या मातीवर पुढची तीस वर्षं घर चालायचं, ती एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांनी बघावी असं मला वाटत होतं.

काउंटीकडून आलेल्या बाई वयाने लहान होत्या. त्यांनी आमच्या अहवालाकडे आधी पाहिलंही नाही. स्वतःचं गिरमिट काढलं आणि स्वतःची भोकं पाडली. आमचे सॉइल सायंटिस्ट बाजूला उभे होते, तेही काही बोलले नाहीत. वरच्या टप्प्यावर दोघांचं जुळलं. खालच्या टोकाला, जिथे आमची राखीव जागा संपत होती, तिथे त्या थांबल्या. २८ इंचांवरच्या गोळ्यात तांबड्यात राखाडी ठिपके होते. रंगपुस्तिका उघडली आणि ठिपका त्या चौकोनाशी लावून धरला. रंगाची तीव्रता दोन किंवा त्याहून कमी आली की तिथे वर्षातला काही काळ पाणी उभं राहतं असं धरतात. पाण्याखाली प्राणवायू नसतो, लोह विरघळून निघून जातं आणि तांबडा रंग उडतो. बाहेरून ती जागा कोरडी ठणठणीत होती. पण माती हिवाळ्यातलं पाणी लपवत नाही. आमच्या माणसाने अहवालात त्या भोकापुढे ‘ओलावा, पुन्हा पाहावं’ असं लिहिलंच होतं. दोघं भोकाच्या दोन बाजूंना उकिडवे बसून बराच वेळ बोलले, आणि राखीव जागा एका चराने वर सरकली. दोन माणसं लावल्याचा फायदा मला तिथे दिसला.

तक्रार कार्यालयाबद्दल आहे, त्या बाईंबद्दल नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण नकाशा जोडला की नाही हे समजत नाही. आमचा अर्ज अपुरा म्हणून पडून होता आणि ते कळवायची तसदी कोणी घेतली नाही. फोन लागला तेव्हा उलगडा झाला. २७ सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळानंतर या सगळ्या पट्ट्यात दुरुस्तीचे अर्ज साचले होते. ज्यांची टाकीच पुरात उघडी पडली त्यांचा नंबर आमच्या आधी लागायला हवा, यात मला काही चूक वाटत नाही. पण अर्ज अपुरा आहे हे एका ओळीच्या ईमेलने कळवता येतं.

हेलीनवरून पंपाचं सांगते. वादळानंतर डोंगरातल्या कित्येक वस्त्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्यांचं पाणी उताराने चरात जातं त्यांचं सेप्टिक चालू राहिलं. पंपवाल्यांना टाकीतली पातळी बघत पाणी वापरावं लागलं. आमच्या नव्या शेजाऱ्यांनी हे सांगितलं म्हणून पंपाची टाकी आम्ही ठेकेदाराने सुचवली त्यापेक्षा मोठी घेतली आणि जनरेटर जोडायची सोय ठेवली. हा सल्ला मुळात सॉइल सायंटिस्टकडून यायला हवा होता. त्यांच्या अहवालात पंप लागेल एवढं एक वाक्य होतं.

त्यांच्या सेवेत आणखी दोन उणिवा. अहवाल जाणकारांसाठी लिहिलेला आहे. मातीच्या थरांचे तक्ते अक्षरांच्या संक्षेपांनी भरलेले, आणि घरच्यांसाठी सोप्या भाषेतलं एक पानही नाही. तोंडी ते उत्तम समजावतात, म्हणून जागेवर हजर राहा आणि वही न्या. दुसरं, बोअर कुठे घ्यायची हे ते आपणहून बोलले नाहीत. चर बोअरपासून साधारणपणे १०० फूट लांब हवेत, ओढ्यापासून ५०, हद्दीपासून १०. उतारावरच्या लहान जागेत ही वर्तुळं आणि पट्टे काढले की बोअरला फार थोड्या जागा उरतात. शेजाऱ्याची बोअर हद्दीलगत असेल तर तिचंही वर्तुळ तुमच्या जमिनीत येतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी लगेच नकाशावर काढून दिलं. विचारायला विसरू नका.

डोंगरातल्या काही जुन्या लोकांना ही सगळी परवानग्यांची भानगड सरकारी त्रास वाटते. आमचे शेजारीच सांगतात की त्यांच्या लहानपणी खोऱ्यातल्या कितीतरी घरांचा पाइप थेट ओढ्यात सोडलेला असे. १९९० च्या दशकात राज्याने असे पाइप शोधून काढायची मोहीमच हाती घेतली होती. आमच्या खोऱ्यातला ओढा फ्रेंच ब्रॉड नदीला मिळतो आणि ती नदी पुढे टेनेसीत जाते. उन्हाळ्यात पोरं त्याच ओढ्यात टायरच्या ट्यूबवर बसून डुंबतात. त्या पोरांकडे बघून मला परमिटचा प्रत्येक कागद पटतो.

गुण द्यायचे तर सॉइल सायंटिस्टना पाचपैकी साडेचार. काउंटीच्या तपासणीला पाच, कार्यालयाच्या कारभाराला दोन. शहराची लाइन असलेल्या प्लॉटला किंवा चालू परमिट असलेल्या जागेला ही सेवा लागणार नाही. पण इम्प्रूव्हमेंट परमिटची मुदत बघा: साध्या आराखड्यावर दिलेलं पाच वर्षं चालतं, मोजणी करून काढलेल्या जमिनीच्या नकाशावर (प्लॅट) दिलेलं संपत नाही.

परमिट मिळाल्यावरही एक काळजी उरते, आणि ती आम्हाला त्यांनीच निघताना सांगितली. रस्ता करायला बुलडोझर येतो, काँक्रीटचे ट्रक येतात, आणि चालकाला सपाट जागा दिसली की तो तिथेच गाडी वळवतो. ओल्या चिकणपोयट्यावरून एकदा जड गाडी गेली की मातीतली छिद्रं दबतात आणि ती परत उघडत नाहीत. काउंटी पुन्हा तपासायला आली तर परमिट रद्दही करू शकते. म्हणून ठेकेदाराशी करार करतानाच चरांची आणि राखीव जागेची हद्द त्यात लिहून घ्या आणि पहिलं यंत्र यायच्या आधी तिथे नारिंगी जाळीचं कुंपण घाला. जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, लोखंडी खांब शेजाऱ्याकडून उसने मिळतात.